चढतं पाणी, उतरतं पाणी

नदीकाठचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात धरणाचे दरवाजे कधी आणि कसे उघडतात, यावर मी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत पुराविषयी विचारणारे थोडे आणि मासळीविषयी विचारणारे जास्त निघाले. मला मनापासून बरं वाटलं. धरणांवर आणि कालव्यांवर मी ३२ वर्षं नोकरी केली, कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. पण माझं आजोळ भीमेकाठचं, भोयाचं. सुट्टीत मामाच्या होडीत बसलेला मुलगा आणि पुढं दरवाज्याचं बटण दाबणारा माणूस, असे दोघं माझ्यात आहेत. आजची उत्तरं दोघांनी मिळून दिलीत असं समजा.

साहेब, आम्ही पिढ्यानपिढ्या मुळा-मुठेवर जाळी लावतो. खडकवासल्यातनं पाणी सुटल्याचं आता मोबाईलवर कळतं. पाणी आलं की दोन-तीन दिवस जाळं रिकामं. मग एका रात्रीत भरून येतं आणि परत सगळं गप. हे पाण्यामुळं होतं का आमचं नशीब?
– एक मच्छीमार, दौंड तालुका

नशीब नव्हे दादा, पाणीच. आणि तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

मोबाईलवर तुम्हाला क्युसेकचा आकडा दिसतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, २८ लिटरच्या जरा वर, म्हणजे साधारण दोन हंडे. दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला वीसेक हजार हंडे नदीत ओतले जातात. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजारांवर गेला होता. धरणाच्या पायथ्याशी हे पाणी भिंतीसारखं येतं. तुमच्याकडं येईपर्यंत ते डोहांत, बंधाऱ्यांत आणि ओढ्यांच्या तोंडांत पसरतं. म्हणून दौंडकडं पाणी सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. धरणाजवळच्या माशापेक्षा तुमच्या माशाला तेवढा वेळ जास्त मिळतो.

पाणी चढू लागलं की मासा मधली धार सोडतो. तिथं ओढ जबर असते, गाळ असतो, वाहून आलेली जलपर्णी असते. तो काठाला सरकतो, बुडालेल्या गवतात, ओढ्याच्या मुखात, शेताच्या ताली बुडाल्या असतील तर थेट तिथं. त्याला खायला तिथंच मिळतं, गांडुळं, किडे, कुजलेला पाला. पावसाळ्याचे दिवस असतील आणि माशाच्या पोटात गाबोळी असेल, तर अंडीही तिथंच. तुमचं जाळं मात्र नेहमीच्या जागी, धारेत. मग ते रिकामं येणारच.

पाणी उतरायला लागलं की काठावर पांगलेला सगळा मासा एका वेळी धारेकडं निघतो. तीच तुमची भरलेली रात्र. त्यानंतर तो पुन्हा आपापल्या डोहाला आणि कपारीला जातो, म्हणून गप. माझा मामा म्हणायचा, चढत्या पाण्याला जाळं लाव, उतरत्या पाण्याला डोळा लाव. चढत्या पाण्यात त्याचं जाळं धारेत कधीच नसायचं. ते ओढ्याच्या मुखाशी, कमरेएवढ्या संथ पाण्यात असायचं. तुम्हीही करून बघा. पण डोळा लाव म्हणजे काय, ते मला कळलं नोकरीला लागल्यावर. ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

१९८९ चा सप्टेंबर. जिल्ह्यातल्या एका धरणावर मी नवा होतो. पाऊस थांबला, येवा म्हणजे धरणात येणारं पाणी घटलं, आणि संध्याकाळी फोन आला की दरवाजे बंद करा. नदीत चार हजार क्युसेक चालू होते. आम्ही अर्ध्या तासात सगळे दरवाजे खाली बसवले. काम चोख झालं म्हणून मी निवांत झोपलो.

सकाळी खाली नदीत उतरलो. आदल्या दिवशी जिथं छातीभर पाणी होतं, तिथं उघडा खडक होता, आणि खडकातल्या प्रत्येक रांजणखळग्यात मासे. एका खळग्यापाशी बसलो. घमेलंभर पाणी, ऊन लागून कोमट झालेलं. त्यात बोटाएवढी कोळशीची पिल्लं इतकी दाट, की पाण्याचा रंगच चंदेरी दिसत होता. सगळ्यांची तोंडं वर, कल्ले उघडझाप करत होते. कडेची आडवी झाली होती. हात घातला तर पळाली नाहीत, उलट बोटांना येऊन चिकटली. बाहेर काढलेल्या हाताला बारीक खवले लागले होते. गावातली पोरं घमेली घेऊन आली होती, ती जेवढी उचलता येतील तेवढी उचलून पुढच्या डोहात नेऊन टाकत होती. मीही दुपारपर्यंत तेच केलं. जेवढी नेली त्याच्या शंभरपट तिथंच राहिली.

म्हणून माझं ठाम मत असं झालंय, की धरणाखालचा मासा पाणी सुटताना मरतो त्यापेक्षा जास्त पाणी बंद करताना मरतो. चढतं पाणी त्याला ओळखीचं आहे, पावसात ते असंच चढायचं. पण निसर्गात पूर उतरायला दिवस लागतात. अर्ध्या तासात उतरणारी नदी माशानं कधी पाहिलेली नाही. त्यानंतर मी जिथं जिथं होतो तिथं साहेबांना विनवून दर तासाला पाचशे-पाचशेनं विसर्ग खाली आणू लागलो. बहुतेकांनी ऐकलं.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. उतरत्या पाण्याच्या त्या भरल्या रात्री बारीक डोळ्याचं जाळं लावू नका, कारण त्या रात्री येणाऱ्यांत पिल्लांचा भरणा मोठा असतो. आणि उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा पाणी येतं तेव्हा ते काळं येतं. शहराखाली साठलेला मैला ते ढवळून आणतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासा तोंड वर काढून गिळू लागतो आणि हातानं धरता येतो. तो मासा खाऊ नका, विकूही नका.

काका, माझ्या लहानपणी मृगाच्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून भाताच्या खाचरांपर्यंत चढायचे. आता शाळेतल्या मुलांना दाखवायला नेलं तर दोन-चार मळ्ये दिसतात. धरणामुळं हे झालं का? धरणाला तर खूप वर्षं झाली, मग आत्ताच का?
– एक शिक्षक, वेल्हे

गुरुजी, तुमच्या मुलांना आधी एक गोष्ट सांगा, ती त्यांना आवडेल. साईक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. तो आपल्या भागात हिंडला, आपल्या भोयांना आणि कोळ्यांना माशांची नावं विचारली आणि तीच शास्त्रीय नावांत बसवली. म्हणून जगभरच्या ग्रंथांत आपली मराठी नावं आहेत : खुद्री, कोळस, फुलंगी, शिंगटी, मळ्या. खुद्री म्हणजे आपल्या दख्खनचा महसीर, आणि त्याचं पहिलं वर्णन पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून झालं. कमरेएवढ्या उंचीच्या मुलाला उचलणार नाही इतका मोठा होणारा हा मासा कधीकाळी संगमाच्या खाली राहायचा, हे आज पुलावर उभं राहून पटत नाही.

वलगणीचा, म्हणजे चढणीचा मासा चढतो कशासाठी? अंडी घालायला. खाली मोठ्या नदीत खोल पाणी आणि शिकारी मासे, शिवड्यासारखे. वर ओढ्यात उथळ, स्वच्छ, प्राणवायूनं भरलेलं पाणी आणि गोटे. महसीरची अंडी तळाशी जाऊन वाळू-गोट्यांच्या फटीत बसतात, आणि त्यांतून पिल्लं निघायला तीन-चार दिवस लागतात. तेवढे दिवस त्यांच्यावरून पाणी वाहत राहावं लागतं. रोहू-कटल्याचं वेगळं, त्यांची अंडी पाण्यात तरंगत वाहतात आणि पंधरा-अठरा तासांत फुटतात. सगळ्याच माशांना एकच माप लावता येत नाही, ते यासाठी.

धरण बांधलं की खालून वर येणारी वाट बंद होते. मुठेवर खडकवासला १८७० च्या दशकातलं, म्हणजे खालची वाट दीडशे वर्षांपूर्वीच बंद झाली. मुळेच्या उगमाकडचं पाणी मुळशीच्या धरणातून घाट उतरून भिऱ्याला वीज करायला जातं आणि कोकणात वाहतं. मग तुमच्याकडं आजवर मासा चढत होता तो कुठला? तो पानशेतच्या आणि वरसगावच्या साठ्यातला. धरणानं खालचा मासा अडवला, पण वरच्या साठ्यातल्या माशाला आंबी आणि मोसे नद्यांची वरची धार मोकळी राहिली. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की तो साठ्यातून निघून तुमच्या ओढ्यांत यायचा.

आता आत्ताच का, याचं उत्तर. उन्हाळ्यात ही धरणं पुण्यासाठी आणि कालव्यासाठी उपसली जातात. जूनमध्ये साठा तळाला गेलेला असतो, पाणी ओढ्याच्या मुखापासून लांब सरकलेलं असतं आणि मधे उघडा गाळ, चर, दगड असं मैदान. पहिल्या पावसाचं ओढ्याचं पाणी या मैदानात पांगून जातं, माशाला चढायला पुरेशी खोल धार सापडत नाही. साठा वर येईपर्यंत गाबोळीचे दिवस उलटून जातात. शहर वाढलं तशी उन्हाळ्यातली ओढ वाढली आणि हे मैदान रुंदावलं. त्यात ओढ्यांवर जागोजाग सिमेंटचे बंधारे आले. कमरेएवढ्या बंधाऱ्यावरून महसीर कदाचित उडी मारेल, मळ्या ओल्या भिंतीला चिकटत चढेल, बाकीच्यांचं काय?

आणि एक कारण आपल्या हातातलं आहे. चढणीचा मासा ओढ्याच्या तोंडाशी अडवून मारणं आपल्याकडं सणासारखं चालतं. मी स्वतः लहानपणी बापाबरोबर पिशव्या भरून आणलेत. पूर्वी नदीभर मासा होता, त्यातला आपण थोडा काढायचो. आता त्या एका साठ्यातलीच माद्यांची पिढी चढते, आणि पोटात अंडी असलेली एक मादी मारली तर हजारो पिल्लं गेली. आमच्या घरी मी वलगणीचा मासा आणणं बंद केलं, त्याला २० वर्षं झाली. मुलांना तुम्ही बघायला नेता, पकडायला नाही, याचा मला फार आनंद झाला.

लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात आणि देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत ती सोडली गेली. सहल नेता आली तर जरूर परवानगी मागा. माद्यांना हलकेच दाबून अंडी काढतात ते पाहिलं की मुलं विसरणार नाहीत.

अहिराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायचंय. साप म्हणून लोक ज्याला घाबरतात तो हा मासा जन्मतो समुद्रात. पिल्लं नदी चढून येतात, इथं वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडं निघतात. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. त्या वाटेवर आता नागार्जुनसागर आहे, श्रीशैलम आहे, जुराला आहे, मग आपली उजनी. मामाच्या गळाला अहीर लागला की आजी तो कापू द्यायची नाही, पाहुणा आहे म्हणायची. मला वाटायचं ती धाकानं म्हणते.

काका, मी कोथरूडला राहते. सुट्टीला बाबांबरोबर गळ घेऊन जाते, मासा पकडून परत सोडतो. एप्रिल-मेमध्ये धरणाच्या अगदी खाली पाणी गार असतं, नितळ असतं, पण मासा नाही. दोन-तीन किलोमीटर खाली गेलं तर मिळतो. असं का?
– एक वाचक, पुणे

बाळ, उन्हाळ्यात धरणातलं पाणी थरांचं असतं. वरचा थर उन्हानं तापलेला आणि वाऱ्यानं ढवळलेला, त्यात प्राणवायू भरपूर. खालचा थर गार, जड, अंधारा. बुडालेला पाला आणि गाळ तिथं कुजत असतो आणि कुजताना प्राणवायू खातो. पावसाळ्यात सांडव्यावरून येतं ते वरचं पाणी. उन्हाळ्यात मात्र विमोचकातून, म्हणजे धरणाच्या तळाजवळच्या दारातून, किंवा वीजघरातून येतं ते बहुतेक खालचं पाणी. दिसायला नितळ, कारण गाळ तळाला बसलेला. कधी कधी त्याला कुजक्या अंड्यासारखा वासही येतो. धरणाखाली हात बुडवून नाकाशी नेऊन बघ.

माशाचं अंग पाण्याएवढंच गार किंवा गरम असतं. दुपारी ऊन डोक्यावर असताना पाणी अचानक काही अंशांनी उतरलं की त्याचं पचन मंदावतं, तो आमिषाकडं बघत नाही. पुढं पाणी दगडांवरून खळाळत जातं, फेसाळतं, हवा घेतं, उन्हानं तापतं. तुम्हाला दोन-तीन किलोमीटरवर मासा मिळतो तो या खळाळांच्या खाली. तिथंच बसत जा.

बाबांना माझा एक निरोप. वीजघर चालू झालं की पाणी काही मिनिटांत वाढतं आणि आभाळ निरभ्र असतं, त्यामुळं शंका येत नाही. भोंगा ऐकू आला की सामान गोळा करत बसू नका, आधी काठ गाठा. पात्रातल्या बेटासारख्या खडकावर तर बसूच नका. आणि जलाशयावर गळ टाकायचा तर तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा, बहुतेक जलाशयांचा मासेमारीचा ठेका दिलेला असतो. मासा सोडताना हात ओले करून धरता ना? कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तिथं बुरशी धरते.

भाऊ, मी भिगवणच्या बाजारात मासळी विकते. उजनी उणे झाली की मासा एवढा येतो की भाव पडतो. धरण भरलं की मासाच नाही. आणि येतो तो सगळा चिलापी. माझ्या सासूच्या वेळी मरळ, शिवडा, वाम, खवल्या असायचे. पाण्याचा आणि याचा संबंध आहे का?
– एक मासळी विक्रेती, इंदापूर तालुका

ताई, संबंध आहे, आणि तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, दोन्ही सोडवू.

उणे म्हणजे काय ते आधी. उजनीत एकूण ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं. त्यातलं ५३.५७ उपयुक्त आणि ६३.६६ मृत. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. तो संपला की शून्य, त्याखाली गेलं की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठच्या घरात गेली, म्हणजे मृत साठ्यातलंही ३२ टीएमसी पाणी गेलं आणि साडेएकतीसच्या आसपास उरलं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं ते तुम्ही पाहिलं असेल. ११७ टीएमसीत पांगणारा मासा ३१ टीएमसीत कोंबला गेला. जाळं टाकलं की भरणारच. ती काही वाढलेली मासळी नव्हे, एका जागी गोळा झालेली मासळी आहे. त्या दिवसांत वडापचं बारीक डोळ्याचं जाळं घालून पिल्लांसकट सगळं काढलं तर धरण भरल्यावर पांगायला काही उरत नाही. तुमचा पडलेला भाव आणि नंतरचा रिकामा बाजार, दोन्ही त्या एकाच जाळ्यातून निघतात.

आता चिलापी. हा आफ्रिकेचा मासा, भारतात १९५२ साली आणला. तो का टिकला ते कळलं की बाकीचे का गेले तेही कळतं. सायप्रिनस हा मासा आपली अंडी काठाच्या गवताला, जलपर्णीच्या मुळांना चिकटवतो. पाणी दोन-तीन दिवसांत फूटभर उतरलं की अंडी उन्हात वाळतात. मरळ काठच्या वनस्पतींत जागा करून अंडी घालते आणि राखत बसते, पाणी सरकलं की तिचं घरटं उघड्यावर. रोहू-कटल्याला अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या पाण्यात त्यांचं जमत नाही, म्हणून त्यांचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. चिलापीची मादी मात्र अंडी तोंडात घेते. पिल्लं निघाली तरी धोका दिसला की ती परत आईच्या तोंडात शिरतात. पाणी खाली गेलं तर ती तोंड मिटून पाण्याबरोबर खाली जाते. सोलापूरसाठी औजच्या बंधाऱ्यापर्यंत भीमेत पाणी सोडा, वारीला पंढरपूरला सोडा, कालव्यांना सोडा, धरण कसंही खालीवर होवो, तिचं बाळंतपण तिच्यासोबत. त्यात वरून पुण्याचं सांडपाणी आणि त्यावर पोसलेलं शेवाळ, तेही तिला चालतं.

म्हणजे पाण्याची पातळी जेवढी वेगानं हलेल, तेवढी चिलापीची बाजू भक्कम. तुमच्या सासूबाईंनी पाहिले ते मासे वाहत्या भीमेचे होते, धरण १९८० ला पुरं झालं त्याच्या आधीचे आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांचे.

तुमच्या संस्थेला दोन गोष्टी सांगा. बीज सोडायचं तर बोटाएवढी वाढलेली बोटुकली सोडा, जिऱ्याएवढं बारीक नको, त्यातलं बरंचसं चिलापी आणि शिवडाच खातात. आणि ती सोडण्याची वेळ दरवाजे उघडे असताना ठेवू नका, नाहीतर बीज तुम्ही सोडाल आणि मासा पंढरपुरात निघेल. विसर्ग थांबल्यावर, काठाचं गवत पाण्यात असताना सोडा.

आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, बंद झालं की कालव्याच्या डबक्यांत मासे सापडतात. ते कुठून येतात? पकडावेत का?
– एक शेतकरी, हवेली

धरणातून, विमोचकाच्या पाण्याबरोबर. कालवा आटला की ते मरणारच, तेव्हा पकडायला हरकत नाही. फक्त विष, ब्लीचिंग पावडर, जिलेटिन असलं काही वापरू नका. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून स्फोटकं आणि विष घालून मासे मारणं गुन्हा आहे, आणि त्याच कालव्याचं पाणी पुढं कुणाची तरी गुरं पितात. बारके मासे बादलीतून विहिरीत किंवा शेततळ्यात नेऊन सोडलेत तर उत्तम.

सर, मी अभियांत्रिकीला आहे. माशांसाठी नदीत पाणी सोडा असं म्हटलं की घरचे म्हणतात, पुण्याला प्यायला पाणी नाही आणि तुला मासे सुचतात. त्यांना काय सांगू?
– एक विद्यार्थी, सिंहगड रस्ता

घरच्यांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नकोस. त्यांच्यासमोर हिशेब मांड.

एक टीएमसी म्हणजे ११,५७४ क्युसेक पाणी पूर्ण २४ तास. हा आकडा पाठ कर, सगळे हिशेब त्यावर होतात. टेमघर, पानशेत, वरसगाव आणि खडकवासला मिळून साठा २९ टीएमसीच्या थोडा वर. आता समज, नदीत उन्हाळ्याचे १०० दिवस १०० क्युसेक सोडायचे. ते झाले दहा हजार क्युसेक-दिवस, म्हणजे ०.८६ टीएमसी. साठ्याच्या तीन टक्के. हे पाणी थोडं नाही, हे मी मान्य करतो, आणि दुष्काळी वर्षात ते मागायला माझीही जीभ रेटणार नाही. गंगेसाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये नदीत किमान किती पाणी वाहतं ठेवायचं ते ठरवून दिलं. आपल्या नद्यांसाठीही ते ठरावं असं मला मनापासून वाटतं. आज मुठेचं काय होतं? धरणाचं पाणी बंद नळातून आणि कालव्यातून जातं. कालवा काठोकाठ वाहतो आणि त्याच्या शेजारी नदीत वाहतं ते सांडपाणी.

पण दुसरी एक मागणी आहे, तिला पाणी जवळजवळ लागतच नाही. पहिल्या उत्तरातली माझी १९८९ ची गोष्ट वाच. पाच हजार क्युसेकचा विसर्ग एकदम बंद करण्याऐवजी १२ तासांत सारखा कमी करत शून्यावर आणला, तर जास्तीचं पाणी किती जातं? सरासरी अडीच हजार, अर्धा दिवस. १,२५० क्युसेक-दिवस, म्हणजे ०.११ टीएमसी. आणि पावसाळ्यात, धरण भरलेलं असताना, तेही वाचवता येतं : येवा घटायला लागला की दरवाजे थोडे आधीपासून खाली आणायला घ्यायचे. आता पावसाचा अंदाज आणि वरच्या धरणांचे आकडे तासातासाला हातात असतात. आमच्या वेळी वायरलेसवर वरच्या धरणाचा आकडा यायला अर्धी रात्र जायची, तेव्हाही आम्ही हे केलं.

कोल्हापुरी बंधाऱ्यांनाही हेच लागू आहे. पावसाच्या तोंडावर ढापे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात ते सगळे एका दिवशी काढू नयेत. वरच्या ओळीचे आधी, दोन दिवसांनी मधले, मग खालचे. साठलेलं पाणी तेवढंच जाणार आहे, फक्त सावकाश जाईल.

आवर्तनं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. तिथं शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात, मच्छीमारांचा आवाज क्वचित पोचतो. तू आकडे मांडू शकतोस, दौंडचे दादा आणि भिगवणच्या ताई अनुभव सांगू शकतात. अर्ज एका पानाचा करा. त्यात भाषण नको, तीनच मागण्या लिहा. विसर्ग बंद करताना तो दर तासाला टप्प्यानं कमी करावा. बंद करण्याची वेळ नदीकाठच्या मच्छीमार संस्थेला आदल्या दिवशी कळवावी. आणि शेवटचा टप्पा रात्री न करता सकाळी उजाडल्यावर करावा, म्हणजे खडकातल्या खळग्यांत काय अडकलंय ते दिसतं आणि घमेली घेऊन आलेल्या पोरांना ऊन चढायच्या आत ते डोहापर्यंत नेता येतं.